विद्युतचुंबकत्व शिकवायचंय? आधी सुई हलू द्या, मग नियम सांगा

माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. या काळात दहावीची पुस्तकं बदलली, धड्यांची नावं बदलली, पण वीज आणि चुंबक यांचा धडा कुठल्या ना कुठल्या रूपात राहिलाच. सध्या तो ‘विद्युतधारेचे परिणाम’ या नावाने आहे. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी तो फळ्यावरच शिकवला. सुबक आकृत्या, उजव्या हाताचा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं, व्याख्या पाठ. मुलांना गुणही बरे पडायचे.

मग एका फेब्रुवारीत वर्गातल्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरची विहिरीवरची मोटार जळाली होती. वडिलांबरोबर तो ती दहिवडीला वाइंडिंगला घेऊन गेला होता आणि तिथं ती उघडलेली त्याने पाहिली होती. “बाई, पुस्तकातल्या मोटारीत चुंबक आहे. आमच्या मोटारीत चुंबक नव्हताच. मग ती फिरायची कशी?” मी फळ्यावर आकृती काढून उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण त्याला त्यातलं काहीच लागलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. तारेतून वीज गेली की शेजारचा चुंबक हलतो, ही पहिली पायरीच त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मी त्याला थेट दहाव्या पायरीवर चढवू बघत होते.

तेव्हापासून मी हा धडा हाताने शिकवते. ज्यांना शिकवायचाय त्या शिक्षकांसाठी, आणि घरी मुलांबरोबर बसणाऱ्या आईवडिलांसाठी, कसा शिकवते ते सविस्तर लिहिते.

सामान कुठून आणायचं

पहिली फेरी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मारा. इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, चढवलेली तांब्याची तार तिथं वजनावर मिळते. २६ गेजची मागा. शाळेसाठी हवीय म्हटलं की नव्या रिळाची उरलेली टोकं बहुतेक जण तशीच देतात. जळालेल्या मोटारीतून काढलेली काळी तार मात्र घेऊ नका. तिचं इनॅमल जागोजागी उडालेलं असतं, वेढे एकमेकांना चिकटून वीज आडवाटेने निघून जाते आणि प्रयोग का फसला ते शेवटपर्यंत कळत नाही.

चुंबक जुन्या स्पीकरमधून काढा. प्रयोगशाळेतला यू आकाराचा एखादा असला तर उत्तम. पेन्सिल सेल, सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर, पॉलिश पेपर आणि चपात्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल लागेल. लोहकीस फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळतो, पण मी मुलांना ओढ्याच्या वाळूत पाठवते. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवायचा. आपल्याकडचा दगड काळा बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. पंधरा मिनिटांत काळ्या कणांची वाटी भरते. पिशवी उलटी करून काढून घेतली की कण आपोआप सुटतात. पिशवीशिवाय चुंबक वाळूत घातलात तर तो कधीच स्वच्छ होणार नाही.

होकायंत्रं पाच-सहा हवीत, लहान चालतील. आणि ती वर्गात नेण्याआधी एकेक तपासा. एकदा माझ्या सहा होकायंत्रांपैकी दोन दक्षिणेला उत्तर दाखवत होती, आणि मला ते कळलं भर तासात. मुलं दोन गटांत भांडत होती आणि दोन्ही गट आपापल्या जागी खरे होते. कारण साधं होतं: मी होकायंत्रं आणि पट्टीचुंबक वर्षभर एकाच डब्यात ठेवले होते. जवळच्या जोरदार चुंबकाने सुयांचे ध्रुवच उलटवले होते. अशी सुई दुरुस्त करता येते. होकायंत्र तिरकं धरलं की सुई काचेला टेकून अडकते. मग चुंबकाचा दक्षिण ध्रुव सुईच्या मागच्या टोकाकडून लाल टोकाकडे वरून फिरवून पुढे उचलून न्यायचा. पाच-सहा वेळा केलं की झालं. आता माझे चुंबक एका कपाटात आणि होकायंत्रं दुसऱ्या कपाटात असतात.

प्रयोग लाकडी बाकावर किंवा जमिनीवर करा. लोखंडी टेबलावर सुई खोटं बोलते. मोबाइल हातभर लांब ठेवा.

पहिला तास: फक्त सुई

या तासाला मी फळ्यावर काहीही लिहीत नाही. होकायंत्र ठेवायचं, सुई स्थिर होऊ द्यायची. मग अर्धा मीटर तार सुईच्या वरून, सुईला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर ताणून धरायची. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत तांबं दिसेपर्यंत साफ केलेली हवीत.

सेल जोडण्याआधी थांबा. प्रत्येकाने वहीत लिहायचं: सुई हलेल का, आणि कुठे जाईल? माझ्या अनुभवात जवळजवळ सगळा वर्ग लिहितो, ‘सुई तारेकडे ओढली जाईल.’ हे लिहून घेणं फार महत्त्वाचं. नुसतं दाखवलं तर मूल म्हणतं, ‘हो, हेच होणार होतं.’ लिहिलेलं चुकलं की ते विचार करायला लागतं.

मग सेल जोडायचा, दोन सेकंद, तीनच्या वर नाही. सेल नुसत्या तारेने जोडलेला असल्यामुळे धारा मोठी असते, तार आणि सेल दोन्ही गरम होतात. सुई तारेकडे येत नाही. ती तारेला आडवी व्हायला निघते. वर्गात एक क्षण आवाज बंद होतो. आता तार होकायंत्राच्या खालून घ्या आणि तेच करा. सुई उलट्या बाजूला जाते. सेलची टोकं बदला. पुन्हा उलट.

नंतर तार पूर्व-पश्चिम धरायला सांगा. धारा एका दिशेने असेल तर सुई जागची हलत नाही, उलटी केली तर गरकन फिरून पाठमोरी होते. का, ते तिथं सांगू नका. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं.

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन ओर्स्टेडने हेच पाहिलं. त्याआधी वीज वेगळी आणि चुंबक वेगळा, असंच बहुतेक जण धरून चालले होते. मुलांना मी सांगते की त्याच्याकडेही मुख्य सामान हेच होतं: बॅटरी, तार आणि होकायंत्र.

आकडेही इथेच द्या. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे. तारेतून ३ अँपिअर धारा जात असेल तर १ सेंटीमीटरवर तिचं क्षेत्र ६० मायक्रोटेस्ला भरतं. म्हणून सुई ४५ अंशांच्या पलीकडे जाते. अंतर दुप्पट केलं की ते ३० वर येतं आणि पृथ्वी जिंकते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. फायफॉक्स नावाच्या मोफत ॲपवर हे आकडे मुलांना प्रत्यक्ष वरखाली होताना दिसतात. पण हे सुईनंतर दाखवा. आकडा आधी दाखवला की मुलं आकड्याकडेच बघत बसतात.

याच्याशी जोडलेली आपल्या घरची एक हकिगत मी दरवर्षी सांगते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला: ट्रामच्या तारांतून एवढी वीज वाहायला लागली तर वेधशाळेतल्या सुया पृथ्वीचं ऐकतील की ट्रामचं? त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मापं नव्याशी जुळवता यावीत. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ओर्स्टेडने बाकावर केलेला प्रयोग म्हणजे एका शहराने आपली वेधशाळा समुद्रापलीकडे नेण्याचं कारण, हे ऐकल्यावर त्या हललेल्या सुईकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

अंगठा आणि पेन

उजव्या हाताचा नियम आता येतो. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून तार उभी घ्या. पण एकच तार नको. पंधरा वेढ्यांचं मोठं चौकोनी रिंगण करून त्याची एक बाजू पुठ्ठ्यातून काढा आणि दोन सेल लावा. एका तारेने सुया कुरकुरतात, पंधरा तारांचा जुडगा त्यांना नीट वळवतो. पुठ्ठ्यावर तारेभोवती होकायंत्र पाच-सहा जागी ठेवून प्रत्येक जागी बाण काढायचा. बाण जोडले की वर्तुळ दिसतं. वर्तुळ मुलांनी काढल्यावरच अंगठा वर करायचा: अंगठा धारेच्या दिशेने, बोटं वळतात त्या दिशेने बलरेषा.

परीक्षेतल्या चुकीबद्दल एक सांगायलाच हवं. हुशार मुलंही हा प्रश्न नेमका उलटा सोडवून येतात. मी एकदा सराव परीक्षेत वर्गात फिरत बघत होते, तेव्हा कारण दिसलं. उजव्या हातात पेन आहे, म्हणून मुलं रिकाम्या डाव्या हाताचा अंगठा वर करून बघत होती. तेव्हापासून आमच्या वर्गात नियम आहे: दिशेचा प्रश्न आला की आधी पेन खाली.

खिळ्याचा विद्युतचुंबक सगळेच करतात, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एवढं करा: २५ वेढे आणि ५० वेढे यांवर किती टाचण्या उचलल्या ते मोजायला लावा, आणि एका खिळ्यावर अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे उलट दिशेने गुंडाळा. तो जवळजवळ काहीच उचलत नाही. नालकुंतलात, म्हणजे नळीसारख्या गुंडाळलेल्या तारेत, वेढ्यांची दिशा का महत्त्वाची, हे या फसलेल्या खिळ्याइतकं दुसऱ्या कशाने समजत नाही.

पट्टी उडी मारते

फॉइलची बोटाच्या नखाएवढी रुंद पट्टी कापा. आधी चुंबक तिच्याजवळ नेऊन दाखवा, ती ओढली जात नाही. हे सगळ्यांनी हाताने करून बघायचं. मग यू चुंबक टेबलावर आडवा ठेवून त्याच्या दोन टोकांमधून पट्टी वरून खाली ढिली सोडा आणि सेल जोडा. पट्टी चुंबकाच्या आत खेचली जाते किंवा बाहेर फेकली जाते. उत्तर ध्रुवाकडेही नाही, दक्षिण ध्रुवाकडेही नाही, दोघांनाही आडवी. सेल उलटा, दिशा उलटी. चुंबक पालथा, दिशा पुन्हा उलटी. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मी या क्षणी सांगते, कारण आता मुलांना त्याची गरज वाटते. तीन गोष्टी एकमेकींना काटकोनात आहेत हे त्यांनी पाहिलेलं असतं. तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट धारेचं, अंगठा बलाचा.

मोटार: अर्धी बाजू खरवडा

सेफ्टी पिनांची मोटार पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी असंख्य मुलांकडून करून घेतली. माझी त्याच घराण्यातली आहे. सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना उभ्या, ट्यूबच्या रबराने घट्ट बांधलेल्या. सेलच्या पाठीवर चुंबक. सेलभोवतीच तार दहा-बारा वेळा गुंडाळून कुंतल करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर काढून वेढ्यांना एकेक गाठ मारायची. टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत, नाहीतर कुंतल लंगडतं.

आता नाजूक काम. एक टोक पूर्ण खरवडायचं. दुसऱ्या टोकासाठी कुंतल बाकाच्या कडेवर उभं धरा, टोक बाकावर टेकवा, आणि फक्त वरची अर्धी बाजू खरवडा. खालच्या अर्ध्या बाजूचं इनॅमल तसंच राहिलं पाहिजे.

पहिल्या वर्षी हे मीच चुकले होते. दोन्ही टोकं स्वच्छ घासली, सगळ्या जोडण्या तपासल्या, सेल नवा घातला. कुंतल पाळण्यासारखं मागेपुढे डुलायचं आणि थांबायचं. अर्धा तास गेला. मागच्या बाकावरच्या एका मुलीची मोटार मात्र फिरत होती. मी तिचं कुंतल उचलून उजेडात धरलं. ती म्हणाली, “बाई, माझं एका बाजूचं रंगाचं घासायचं राहून गेलंय.” तिला वाटलं ती चूक आहे. तिच्या टोकावर वरून तांबं चमकत होतं आणि खालून इनॅमलची गडद लाल रेघ तशीच होती. त्या रेघेमुळे अर्ध्या फेरीत धारा तुटत होती.

तेच सगळं गुपित आहे. धारा सतत वाहिली तर कुंतलाला अर्ध्या फेरीत पुढे आणि पुढच्या अर्ध्या फेरीत मागे ढकललं जातं. अर्ध्या फेरीत धारा तोडली की पहिल्या ढकलीच्या वेगावर ते पुढे निघून जातं आणि पुन्हा ढकललं जातं. पुस्तकातल्या विद्युत चलित्रातलं, म्हणजे मोटारीतलं, दुभंगलेलं कडं याच्याही पुढचं काम करतं: धारा न तोडता दर अर्ध्या फेरीला तिची दिशा बदलतं. मुलांकडून मी आधी पूर्ण खरवडलेलं कुंतल करून घेते, ते डुलताना बघू देते, आणि मगच अर्धं खरवडलेलं. म्हणजे कडं कशासाठी, हे पाठ करावं लागत नाही.

बदल झाला तरच

उलटा प्रवास, म्हणजे चुंबकापासून वीज, हा धड्यातला सर्वांत अवघड भाग. अवघड सूत्रामुळे नाही. मुलांना वाटतं, चुंबक कुंतलात आहे म्हणजे वीज येत राहणार. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर शंभर वेढे, त्यांना गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकशी धाराही काट्याने दाखवणारं यंत्र. वहीत लिहा: चुंबक आत घालून तसाच ठेवला तर काटा कुठे राहील? बहुतेक जण लिहितात, एका बाजूला राहील. चुंबक आत जातो, काटा हलतो, चुंबक थांबतो, काटा शून्यावर. बाहेर काढताना उलटा.

इथे मी जिनिव्हाच्या कोलाडॉन या शास्त्रज्ञाबद्दल सांगते. १८२५ मध्ये तो हाच प्रयोग करत होता. चुंबकाचा परिणाम काट्यावर थेट होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक कुंतलात घालायचा आणि चालत जाऊन काटा बघायचा. तो पोचेपर्यंत काटा शून्यावर आलेला असायचा. आमच्या वर्गात हे आम्ही करून बघतो: एक मुलगी वर्गात चुंबक सरकवते, दुसरी व्हरांड्यात काटा बघते आणि हाक येईपर्यंत डोळे मिटून उभी राहते. तिला काहीच दिसत नाही. मग डोळे उघडे ठेवून. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन कुंतलं गुंडाळली. एकाची बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याशी जोडलेली सुई हलली, मधल्या वेळात नाही. त्या हलण्याकडे त्याने दुर्लक्ष केलं नाही.

लेंझचा नियम सायकलने शिकवा. जुन्या सायकलचा बाटलीसारखा डायनामो मिळवा, भंगारवाल्याकडे असतो. सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवायचं. दिव्याची तार काढलेली असताना आणि जोडलेली असताना, दोन्ही वेळा डोळे मिटून. दिवा लागला की पायडल जड होतं. प्रवर्तित धारा आपल्याला जन्म देणाऱ्या हालचालीलाच विरोध करते, हे वाक्य हाताला कळलेलं असतं. इथून जनित्राची आकृती, आणि कोयनेचं पाणी काय फिरवतं, हे एका तासात होतं.

प्लगपासून लांब

हा धडा आवडलेलं मूल घरी जाऊन प्रयोग करतं. म्हणून पहिल्याच दिवशी, प्रयोगाच्याही आधी, ठणकावून सांगा: भिंतीतल्या प्लगमध्ये कुठलीही तार घालायची नाही, खिळ्यावरची तर मुळीच नाही. मोबाइलची जुनी बॅटरीही नाही, ती पेट घेऊ शकते. फक्त पेन्सिल सेल. मी हे मुलांकडून वहीत लिहून घेते आणि पालकांची सही आणायला लावते.

आणि त्या मुलाचं उत्तर

धडा संपल्यावर वर्ग घेऊन रिवाइंडिंगच्या दुकानात जा. आधी विचारून ठेवा, दुपारी काम कमी असतं. नवं वाइंडिंग भरलेला थ्री फेजचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा बाहेरचा भाग, तपासताना कारागीर त्याला कमी दाबाची वीज देतात आणि आत बेअरिंगचा एक छर्रा टाकतात. वीज कारागीरच देईल, मुलं चार फूट मागे. मध्ये रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, नाही, कुठेही चुंबक नाही. छर्रा आतल्या भिंतीला धरून गोल धावायला लागतो. तिन्ही फेजची कुंतलं एकामागून एक जोर धरतात आणि चुंबकीय क्षेत्रच फिरत राहतं, छर्रा त्याच्या मागे. मोटारीत छर्र्याच्या जागी रोटर असतो. मी मुलांना एकच विचारते, फेजच्या दोन तारा अदलाबदल केल्या तर? मग कारागिराला ते करायला सांगते. तो वीज बंद करतो, तारा बदलतो, पुन्हा चालू करतो. छर्रा उलटा धावतो, आणि ज्याच्या घरी विहिरीवर मोटार आहे तो प्रत्येक जण तेवढ्यात म्हणून जातो, “म्हणूनच मोटार उलटी फिरली की पाणी येत नाही!”